सिलोनच्या लहरी आणि पोस्टकार्डांची मोजणी

नकाशावर नागपूरहून सरळ खाली, दक्षिणेकडे रेघ ओढली तर ती जवळजवळ कोलंबोलाच जाऊन टेकते. दोन शहरांच्या रेखांशांत जेमतेम पाऊण अंशाचा फरक आहे. मधलं अंतर सुमारे १६०० किलोमीटर. देशाचा मध्य म्हणून झिरो माइलचा दगड मिरवणाऱ्या नागपूरला समुद्र कुठल्याच बाजूनं जवळ नाही. तरीही १९५२ च्या अखेरीपासून पुढची काही दशकं, दर बुधवारी रात्री आठ वाजता, या शहरात आणि आमच्या हिंगण्यासारख्या आसपासच्या गावांत लोक समुद्रापलीकडून येणारा एक कार्यक्रम कान देऊन ऐकत. स्टेशन रेडिओ सिलोन, कार्यक्रम 'बिनाका गीतमाला', आवाज अमीन सयानी यांचा.

गीतमालेबद्दल मराठीत भरपूर लिहून झालं आहे. बरंचसं लेखन 'गेले ते दिवस' या सुरातलं असतं आणि ते साहजिकही आहे. मी मात्र त्या दिवसांत नव्हतो. माझा जन्म झाला तेव्हा गीतमाला बंद होऊन काही वर्षं लोटली होती, त्यामुळे हळहळण्याचा हक्क मला नाही. माझं कुतूहल वेगळं आहे. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. लोकांना काय आवडतं ते मोजून कुठली गोष्ट यादीत वर दाखवायची आणि कुठली खाली, हे ठरवणारा कोड आमच्या धंद्यात रोज लिहिला जातो. म्हणून मला प्रश्न पडतो तो असा : संगणक नसताना, पोस्टकार्डांच्या भरवशावर, अख्ख्या देशाची गाण्यांची आवड मोजली कशी? आणि ती मोजायला देशाबाहेरचं स्टेशन का लागलं?

जहाजावरचा रेडिओ, बेटावरचा रेडिओ

'पायरेट रेडिओ' म्हटलं की ब्रिटनची आठवण निघते. तिथे बीबीसीची मक्तेदारी होती आणि रेकॉर्ड कंपन्या व वादकांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे बीबीसीला आठवड्यात मोजकेच तास तबकड्या वाजवता येत. बीटल्सच्या काळातल्या तरुणांना हे पुरणार नव्हतं. मार्च १९६४ मध्ये रोनन ओ'राहिली नावाच्या आयरिश तरुणानं एका जुन्या फेरीबोटीवर ट्रान्समीटर चढवला, बोट ब्रिटनच्या सागरी हद्दीबाहेर नांगरली आणि 'रेडिओ कॅरोलाइन' सुरू केलं. त्याच वर्षी 'रेडिओ लंडन' आलं, तेही जहाजावरून. त्यांची 'फॅब फॉर्टी' ही स्वतःची लोकप्रिय गाण्यांची यादी होती. तीन वर्षांत सरकारनं कायदा केला. ऑगस्ट १९६७ पासून अशा जहाजांना जाहिराती देणं आणि रसद पुरवणं गुन्हा ठरला. लगेच ३० सप्टेंबर १९६७ ला बीबीसीनं 'रेडिओ वन' सुरू केलं आणि त्यावर पहिला आवाज दिला टोनी ब्लॅकबर्न यांनी. ते आधी जहाजांवरच काम करत होते. थोडक्यात, चाचे बुडवले आणि त्यांचे खलाशी पगारावर ठेवले.

रेडिओ सिलोन या अर्थानं चाचा नव्हता. ते सिलोन सरकारचं अधिकृत केंद्र होतं. त्याच्याशी जास्त जुळतं ते 'रेडिओ लक्झेंबर्ग'. तेही परक्या भूमीवरून १९३३ पासून इंग्लंडच्या दिशेनं जाहिराती आणि गाणी सोडत होतं आणि १९४८ पासून 'टॉप ट्वेन्टी' लावत होतं. कायद्यानं खरोखर बेकायदा म्हणावं असं स्टेशन हवं असेल तर ते आपल्याच सीमेवर सापडतं. १९५५ ते १९६१ या काळात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोली आणि कॅसलरॉकच्या जंगलांतून गोवामुक्तीसाठी गुप्त रेडिओ चालवला. पोर्तुगीजांच्या लेखी ते चाचे, आपल्या लेखी स्वातंत्र्यसैनिक. लहरींचा चोर कोण आणि साव कोण, हे ऐकणारा सीमेच्या कुठल्या बाजूला बसला आहे यावर ठरतं. सिलोनचंही तसंच झालं. ते चोर नव्हतं, पण दिल्लीनं ज्या मालाला दारात उभं करायचं नाही असं ठरवलं होतं, तोच माल ते रोज घरोघर पोचवत होतं.

केसकरांचं १९५२

ज्यांनी हे ठरवलं ते मंत्री मराठी होते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. जन्म पुण्याचा, शिक्षण काशी विद्यापीठात आणि पॅरिसला, खासदारकी उत्तर प्रदेशातून. १९५२ ते १९६२ अशी सलग दहा वर्षं ते माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. इतकी वर्षं ते खातं सांभाळणारे मंत्री विरळाच. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती आणि सिनेमाची गाणी लोकांची अभिरुची बिघडवतात, पाश्चात्त्य चालींची नक्कल करतात, असं त्यांचं ठाम मत होतं.

'केसकरांनी आकाशवाणीवर सिनेसंगीतावर बंदी घातली' असं वाक्य आपण नेहमी वाचतो. प्रत्यक्षात घडलं ते सरकारी कामकाजाच्या वळणानं. सिनेगीतांचा वेळ कमी केला गेला. गाणी चाळून घेतली जाऊ लागली. आणि गाण्याआधी चित्रपटाचं नाव सांगणं ही फुकटची जाहिरात ठरते, म्हणून ते सांगणं थांबवलं. निर्मात्यांना ती जाहिरातच तर हवी होती. त्यांनी आकाशवाणीशी असलेले करार पुढे चालवले नाहीत आणि सिनेमाची गाणी हवेतून गायब झाली. बंदीचा हुकूम काढायची गरजच उरली नाही.

या गाण्यांमागे कोण होतं तेही बघण्यासारखं आहे. लता मंगेशकर, सी. रामचंद्र, वसंत देसाई. हिंदी सिनेसंगीत मुंबईत घडत होतं आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा होता. १९५३ मध्ये गीतमालेत वर्षातलं सर्वांत लोकप्रिय गाणं ठरलं ते 'अनारकली'तलं. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं, आवाज लताबाईंचा. पुण्याच्या मंत्र्यानं नाकारलेलं पुणतांब्याच्या संगीतकाराचं गाणं कोलंबोमार्गे नागपूरला पोचत होतं.

लहर कशी यायची

इथे थोडं तंत्र सांगतो, कारण त्याशिवाय ही गोष्ट उलगडत नाही.

आकाशवाणीचं नागपूर केंद्र जुलै १९४८ मध्ये सुरू झालं. तेव्हा नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं, त्यामुळे केंद्रावर मराठी आणि हिंदी दोन्ही भाषा नांदत होत्या. हे केंद्र मध्यम लहरींवर होतं. मध्यम लहर दिवसा जमिनीला धरून सरपटत जाते आणि जसजसं अंतर वाढतं तसतशी विरत जाते. लघुलहरीचं, म्हणजे शॉर्टवेव्हचं, वागणं उलटं. ती आकाशात चढते. जमिनीपासून दोन-तीनशे किलोमीटरवर, सूर्याच्या किरणांनी विद्युतभारित झालेला हवेचा विरळ थर आहे, आयनांबर. योग्य वारंवारतेची लहर तिथून वळते आणि हजार-दोन हजार किलोमीटर दूर पुन्हा जमिनीवर उतरते. मधल्या पट्ट्यात ती नीट ऐकूच येत नाही. म्हणजे कोलंबोहून निघालेल्या लहरीला एका उडीत गाठता येईल अशा अंतरावर नागपूर अगदी सोयीनं बसलं होतं. वरून दोन्हीकडची घड्याळंही तेव्हा एकच वेळ दाखवत.

हा ट्रान्समीटर सिलोनकडे आला तो दुसऱ्या महायुद्धाच्या पुण्याईनं. लॉर्ड माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडचा तळ सिलोनमध्ये होता आणि सैनिकांसाठी 'रेडिओ सिआक' नावाचं केंद्र चालवलं जायचं. त्याच्यासाठी १०० किलोवॉटचा दणकट लघुलहरी ट्रान्समीटर उभारला गेला. युद्ध संपलं, सैन्य गेलं आणि १९४९ मध्ये हे सगळं सिलोन सरकारकडे आलं. एका छोट्या देशाच्या हाती अर्ध्या आशियाला ऐकू जाईल एवढा आवाज आला. १९५० मध्ये त्यांनी त्यावर व्यापारी सेवा सुरू केली. क्लिफर्ड डॉड या ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्यानं ती आकाराला आणली. ग्राहक समोरच होता : हिंदी सिनेसंगीताला भुकेला झालेला भारत आणि त्याला साबण, टूथपेस्ट, चहा विकू पाहणाऱ्या कंपन्या.

हिंदी सेवा २५, ३१ आणि ४१ मीटरच्या पट्ट्यांवर ऐकू येई. आवाज भरतीसारखा चढायचा आणि ओसरायचा. ज्येष्ठ मंडळी त्या 'लाटां'बद्दल प्रेमानं बोलतात. त्या लाटा तयार व्हायच्या कारण एकच लहर आयनांबरातल्या वेगवेगळ्या वाटांनी रेडिओपर्यंत पोचे. दोन वाटांच्या लहरी एकमेकींना साथ देत असतील तर आवाज भरून येई, एकमेकींच्या विरुद्ध पडल्या की बुडून जाई. आणि आयनांबर सतत हलत असल्यानं हा खेळ मिनिटामिनिटाला बदले. ज्याला आज आम्ही सिग्नलमधला दोष म्हणू, तो एका पिढीच्या कानात गाण्याचाच भाग होऊन बसला आहे.

हिंगणा तेव्हा वेणा नदीकाठचं गाव होतं. एमआयडीसी, इंजिनिअरिंगची कॉलेजं आणि हिंगणा रोडवर येणारी मेट्रो हे सगळं फार नंतरचं. माझ्या नात्यातले एक निवृत्त शिक्षक सांगतात की घरोघरी रेडिओ नव्हतेच. बुधवारी पानठेल्यावर किंवा ज्याच्याकडे सेट असेल त्याच्या ओसरीवर माणसं जमत. सेटचा मालक सुई हलवायला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. रेडिओ बाळगायला पोस्टातून लायसन्स काढावं लागे आणि दरवर्षी पैसे भरून त्याचं नूतनीकरण करावं लागे. म्हणजे लायसन्सचे पैसे दिल्लीला द्यायचे आणि ऐकायचं कोलंबो. यात त्यांना कधी विसंगती वाटली नाही. पोस्टमास्तरही बुधवारी तिथेच असत, असं ते म्हणतात.

सात गाणी, नऊ हजार पत्रं

आता मोजणीकडे येऊ.

रेडिओ सिलोनच्या इंग्रजी सेवेवर 'बिनाका हिट परेड' हा पाश्चात्त्य गाण्यांचा कार्यक्रम चालत होता. तसंच काही हिंदीत हवं, असं श्रोत्यांचं म्हणणं आलं. पुरस्कर्ती कंपनी स्विस होती, 'सिबा', आणि बिनाका ही तिची टूथपेस्ट. मुंबईत कार्यक्रम तयार करणारी मंडळी वेगळी होती. ध्वनिफिती मुंबईत मुद्रित व्हायच्या, विमानानं कोलंबोला जायच्या आणि तिथून लहरींवर बसून परत भारतात यायच्या. अनुभवी निवेदकांना हे काम परवडणारं नव्हतं, म्हणून ते विशीतल्या अमीन सयानींकडे आलं. आठवड्याला २५ रुपये. त्यात लिहिणं, बोलणं आणि आलेली पत्रं तपासणं, सगळं आलं.

३ डिसेंबर १९५२ ला पहिला कार्यक्रम झाला. तेव्हा त्यात क्रमवारी नव्हती, कोडं होतं. सात गाणी कुठल्याही क्रमानं वाजवायची आणि श्रोत्यांनी ती लोकप्रियतेनुसार लावून पाठवायची. बरोबर क्रम लावणाऱ्यांसाठी बक्षीस १०० रुपये. सयानी यांनी अनेक मुलाखतींत सांगितलं आहे की पहिल्याच कार्यक्रमाला ९ हजार पत्रं आली आणि पुढे वर्षभरात आकडा आठवड्याला ६५ हजारांवर गेला. एवढी पत्रं हातानं तपासणं अशक्य झालं तेव्हा कोडं बंद करून १९५४ पासून सरळ क्रमवारी सांगायला सुरुवात झाली.

माझ्या व्यवसायातल्या कोणालाही ही गोष्ट ओळखीची वाटेल. व्यवस्था बदलली ती कुणी आखलेल्या धोरणामुळे नव्हे, माहितीचा पूर पेलवेना म्हणून. आणि खरा पेच इथून सुरू झाला, कारण आता क्रम कार्यक्रमानं ठरवायचा होता. कशावरून?

पहिलं उत्तर सोपं होतं : तबकड्यांची विक्री. देशभरातल्या रेकॉर्डच्या दुकानांकडून अहवाल मागवायचे आणि त्यावरून क्रम लावायचा. पण तबकडी विकत घेण्याची ऐपत किती जणांची? शहरातल्या, ग्रामोफोन असलेल्या घरांची. गाणं गावोगाव गुणगुणलं जात असेल आणि तबकडीची प्रत दुकानात संपली असेल, तर आकड्यात ते पडलेलंच दिसणार. शिवाय मोजक्या दुकानांवर निकाल ठरतो हे कळल्यावर दुकानदाराला गाठणं अवघड नाही. म्हणून दुसरं माप जोडलं गेलं : श्रोता संघ. गावोगावच्या रेडिओप्रेमींनी मंडळं काढायची, आपसांत चर्चा करून पसंती ठरवायची आणि कळवायची. यातही खोट होती, कारण कागदावरची मंडळं काढता येतात. पण दोन मापं एकमेकांना ताळ्यावर ठेवत. आज आम्ही यादी बनवताना अनेक स्रोतांना वेगवेगळं वजन देतो आणि खोटी खाती हुडकून काढतो, तेव्हा करत असतो ते नेमकं हेच.

क्रमांकासाठी सयानींनी 'पायदान' हा शब्द वापरला. म्हणजे पायरी. गाणं पहिल्या किंवा दहाव्या 'नंबर'वर नसायचं, ते पायऱ्या चढायचं आणि उतरायचं. ठरावीक आठवडे टिकून राहिलेलं गाणं 'सरताज' म्हणून मानानं निवृत्त व्हायचं, त्याच्यासाठी बिगुल वाजायचा. आकडेवारीची ही गोष्ट झाली. ती सांगणारी भाषा कुठून आली तेही महत्त्वाचं. सयानींच्या आई कुलसुम सयानी गांधीजींच्या प्रेरणेनं 'रहबर' नावाचं पाक्षिक काढत. नवसाक्षरांसाठी, सोप्या हिंदुस्तानीत, तेही नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिपींत. तरुण अमीन त्यात मदत करत. आकाशवाणीची हिंदी त्या काळात संस्कृतप्रचुर होत चालली होती. कोलंबोहून येणारी हिंदुस्तानी नुकतं वाचायला शिकलेल्या माणसाला समजावी म्हणून घासूनपुसून सोपी केलेली होती. नागपूरकरांना, ज्यांच्या बोलण्यात मराठी आणि हिंदी कधीच धड वेगळ्या होत नाहीत, ती परकी वाटण्याचं कारण नव्हतं.

या मोजणीचे निकाल जाणकारांना चक्रावणारे असत. १९५७ हे वर्ष घ्या. 'प्यासा', 'नया दौर', 'मदर इंडिया' एकाच वर्षातले. वर्षातलं अव्वल गाणं ठरलं मात्र 'जनम जनम के फेरे' या चित्रपटातलं. संगीत एस. एन. त्रिपाठींचं, शब्द भरत व्यासांचे. पौराणिक आणि भक्तिपर चित्रपटांचे संगीतकार म्हणून त्रिपाठी ओळखले जात, समीक्षकांच्या यादीत त्यांचं नाव क्वचितच वर असतं. १९७५ ची अव्वल जागा 'रोटी कपडा और मकान'मधल्या महागाईवरच्या गाण्यानं घेतली. आणीबाणीच्या वर्षात लोकांनी एकमतानं काय गुणगुणायचं ठरवलं, याची ही नोंद आहे.

ते निवृत्त शिक्षक दर बुधवारी वहीत क्रम उतरवून घेत. कडेला गेल्या आठवड्याचा क्रमांक, वर-खालीचे बाण, मराठी शाळेच्या रेखीव अक्षरात. अशा वह्या देशभर हजारोंनी भरल्या गेल्या असतील. कुणी सांगितलं नव्हतं, बक्षीसही उरलं नव्हतं. माझ्या मते यातच गीतमालेचं मर्म आहे. देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५२ च्या फेब्रुवारीत संपली आणि डिसेंबरात हा कार्यक्रम सुरू झाला. मतपेटीत एकदा शिक्का मारला की पाच वर्षं कोणी विचारत नाही. इथे दर आठवड्याला कोणीतरी विचारत होतं की तुला काय आवडतं, आणि आलेलं उत्तर सगळ्या देशासमोर मोठ्यानं वाचून दाखवत होतं.

केसकरांची दुसरी बाजू

केसकरांना खलनायक ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण मराठी माणसाला ते तितकंसं शोभणार नाही. सिनेगीतांची जागा भरण्यासाठी आकाशवाणीनं सुगम संगीत उभं केलं. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्येच सुरू झाला. संस्थानं गेल्यावर आश्रय हरवलेल्या कित्येक गायक-वादकांना नभोवाणीनं पोटाला लावलं. आणि या धोरणाच्या सावलीत पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर दर आठवड्याला एकेक करून 'गीतरामायण' प्रसारित झालं. सीताकांत लाड यांची कल्पना, ग. दि. माडगूळकरांची ५६ गीतं, सुधीर फडक्यांचं संगीत. ते आपल्या भाषेत किती खोल रुजलं हे मी सांगायला नको.

पण गंमत बघा. माडगूळकर आणि फडके दोघंही चित्रपटांत काम करणारे. सरकारी नभोवाणीचं मराठीतलं सर्वांत लाडकं लेणं घडवलं ते सिनेमाच्याच कारागिरांनी. ज्या हातांना दारातून आत घ्यायचं नाही असं ठरलं होतं, त्याच हातांनी देव्हारा सजवला. अडचण त्या लोकांत नव्हती आणि सुरांतही नव्हती. अडचण होती ती निवड कोण करणार या प्रश्नात.

आणि सिलोन तरी कुठे निष्पाप होतं? भारताला सिनेसंगीत विकणाऱ्या याच रेडिओ सिलोननं १९५२ मध्ये स्वतःच्या सिंहली गायकांची परीक्षा घ्यायला भारतातून पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांना बोलावलं. रातंजनकर मराठी, भातखंड्यांचे पट्टशिष्य, लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य. सिंहली गाण्याला हिंदुस्तानी रागदारीच्या फूटपट्टीनं मोजणं लोकप्रिय गायक सुनील शांत यांना मान्य नव्हतं. त्यांनी परीक्षेला बसायलाच नकार दिला आणि रेडिओपासून ते दूर फेकले गेले. म्हणजे एकाच वर्षी, एकाच इमारतीत, भारतीय श्रोत्याला 'तुला काय आवडतं' असं विचारण्याची तयारी चालू होती आणि सिंहली गायकाला 'तुला काय येतं ते आम्ही ठरवू' असं सांगितलं जात होतं. गिऱ्हाइकाला विचारायचं आणि घरच्याला शिकवायचं. रेडिओ सिलोनची लोकशाही व्यापारी सेवेपुरती होती. ती तत्त्वातून आली नव्हती, टूथपेस्टच्या खपातून आली होती.

नागपूरचं १९६७

दिल्लीला हे फार काळ दुर्लक्षून चाललं नाही. ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीनं विविध भारती सुरू केली. सिनेगीतं परत आली. त्या सेवेची धुरा दिली गेली पंडित नरेंद्र शर्मांकडे, जे स्वतः चित्रपटगीतकार होते. पण जाहिराती नव्हत्या, क्रमवारी नव्हती, त्यामुळे बुधवारची रात्र सिलोनचीच राहिली. चंदा समितीनं १९६६ च्या अहवालात व्यापारी प्रसारणाची शिफारस केली आणि १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर प्रयोग म्हणून जाहिराती सुरू झाल्या. पहिली तीन केंद्रं होती मुंबई, पुणे आणि नागपूर.

ब्रिटनमध्ये रेडिओ वन सुरू झाल्याला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. दोन सरकारं, दोन समुद्र आणि एकच धडा : श्रोते बाहेर गेले की कायद्यानं त्यांना परत आणता येत नाही, ते जे ऐकायला गेले होते तेच घरी वाजवावं लागतं. ज्या तीन शहरांत हा धडा प्रथम गिरवला गेला त्यांत नागपूर होतं, हे नागपुरात फारसं कुणाला आठवत नाही.

तरी परक्या लहरीचा उपयोग संपला नव्हता. १९७६ मध्ये आणीबाणीच्या काळात सरकारी कार्यक्रमात गायला नकार दिला म्हणून किशोरकुमार यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून काढून टाकण्यात आली. तो हुकूम कोलंबोला लागू नव्हता.

गीतमाला १९८८ पर्यंत सिलोनवर राहिली. देशाचं नाव तोवर श्रीलंका झालं होतं, टूथपेस्टचं सिबाका. १९८९ मध्ये ती विविध भारतीवर आली. छत्तीस वर्षांचं परदेशी वास्तव्य संपवून ती घरी परतली तेव्हा टीव्ही आणि कॅसेट यांनी घर व्यापलेलं होतं. १९९४ मध्ये ती थांबली. २० फेब्रुवारी २०२४ ला अमीन सयानी गेले.

कोण मोजलं गेलं

आज माझ्या फोनवर 'टॉप ५०' आहे. त्यासाठी कुणी मला विचारत नाही. मी गाणं किती सेकंद ऐकलं, कुठे पुढे ढकललं, हे आपोआप नोंदलं जातं. माहिती अफाट आणि अचूक. पोस्टकार्डाच्या मानानं ती कितीतरी प्रामाणिकही आहे, कारण पोस्टकार्डावर माणूस स्वतःला शोभेल तेच लिहितो. पण पोस्टकार्ड लिहिणाऱ्याला माहीत होतं की आपण मत देतोय. निकाल काय लागला हे तो पुढच्या बुधवारी सगळ्यांच्या बरोबरीनं ऐकत होता आणि पटला नाही तर पानठेल्यावर भांडत होता. आता प्रत्येकाची यादी वेगळी, त्यामुळे भांडायला समोर कुणी नाही.

याचा अर्थ गीतमालेची यादी सगळ्यांची होती असं नाही. त्यात रेडिओ असलेल्यांचा, लिहिता येणाऱ्यांचा आणि पोस्टकार्डाला पैसे असलेल्यांचा आवाज होता. मराठी गाणी त्यात नव्हतीच. त्यांच्यासाठी मुंबई केंद्राची 'आपली आवड' होती. मी त्या शिक्षकांना विचारलं की बुधवारी ओसरीवर बायका असत का. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले की आत स्वयंपाकघरातून ऐकत असाव्यात. गाणी त्यांनाही पाठ होती. श्रोता संघाच्या रजिस्टरमध्ये मात्र त्यांची नावं नव्हती.

कुठलीही यादी वाचताना मी आता हेच आधी शोधतो : कुणाला विचारलं गेलं, आणि कोण आतल्या खोलीतून ऐकत होतं. केसकरांनी कुणालाच विचारलं नाही. सिलोननं विचारलं, कारण त्यांना माल खपवायचा होता. तरीही ओसरीवरच्या माणसांनी त्या विचारण्याला मतदानासारखं गांभीर्यानं घेतलं, वह्या भरल्या, निकालावर वाद घातले. टूथपेस्टच्या कंपनीनं पैसे दिले आणि युद्धात उरलेल्या ट्रान्समीटरनं आवाज दिला. त्या कार्यक्रमाला मोल आलं ते या वह्या भरणाऱ्यांमुळे.